हवेतले हात : कराटेतल्या 'काता'चा इतिहास आणि त्याचे मोल

वर्धापन दिनाची स्मरणिका निघणार म्हटल्यावर संपादक मंडळाने मलाही लेख द्यायला सांगितले. मी काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळी करायची आणि वाचनालयातून मिळेल ते वाचायचे, एवढेच माझे शिक्षण. परंतु विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. संध्याकाळी हॉलमध्ये आपल्या मुलामुलींचा कराटेचा वर्ग चालतो. दुसऱ्या पाळीला नसलो की मी कडेला बसून बघतो. एक दिवस शेजारचा पोरगा रागारागाने बाहेर आला आणि म्हणाला, "काका, समोर कोणी नाही न् काय नाही, रोज हवेतच हात मारायचे. याने काय मारामारी येणार? मला नुसती फाईट शिकायचीय."

त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. उत्तर शोधता शोधता वाचत गेलो आणि वाचता वाचता एका छोट्या बेटाचा मोठा इतिहास हाती लागला. तोच इथे मांडतो. लेख त्या पोरासाठी आहे, पण आईबापांनीही वाचावा, कारण वर्गाची फी तेच भरतात.

काता म्हणजे काय?

आपल्याकडे लाठीचे हात, पट्ट्याचे हात म्हणतात. एकामागून एक ठरलेल्या हालचाली, ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने करायच्या. जपानी भाषेत अशा ठरलेल्या क्रमाला 'काता' म्हणतात. काता या शब्दाचा अर्थच मुळी आकार, साचा असा आहे. समोर माणूस नसतो, पण आहे असे धरून अडवायचे, वळायचे, ठोसा द्यायचा, लाथ मारायची. दोघांनी समोरासमोर लढायचे त्याला 'कुमिते' म्हणतात. पोरांना कुमिते आवडते आणि कात्याचा कंटाळा येतो. ही तक्रार आजची नाही, शंभर वर्षांची आहे, हे पुढे येईलच.

हा कराटे आला कुठून? ओकिनावा बेटावरून. जपानच्या दक्षिणेला, चीन आणि जपान यांच्या मधल्या समुद्रात र्‍युक्यू नावाचे बेटांचे राज्य होते. १४२९ साली ते एका राजाच्या अंमलाखाली आले. चीनशी त्यांचा व्यापार, येणेजाणे, नजराणे चालत. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी स्वारी करून त्यांना मांडलिक केले आणि १८७९ साली जपान सरकारने राजाला पदच्युत करून राज्याचा एक जिल्हा बनवला. चिनी हातांच्या कला आणि बेटावरच्या जुन्या कला यांच्या मिश्रणातून तिथे जी विद्या तयार झाली तिला 'तोदी' म्हणजे 'चिनी हात' म्हणत. तोच पुढे कराटे झाला.

दोन आवडत्या गोष्टी

इथे मला दोन गोष्टींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. दोन्ही आपल्याला आवडतात आणि दोन्ही मी स्वतः भाषणात सांगितलेल्या आहेत.

पहिली गोष्ट बोधिधर्माची. भारतातून बोधिधर्म नावाचे भिक्खू चीनला गेले, शाओलिन विहारात त्यांनी भिक्खूंना व्यायाम शिकवला, त्यातून कुंग फू आणि कुंग फूतून कराटे झाला, असे आपण अभिमानाने सांगतो. कराटे वर्गाच्या भिंतीवर त्यांचे चित्रही असते. परंतु पुरावा काय सांगतो? शाओलिन विहार इसवी सन ४९५ च्या सुमारास बातुओ नावाच्या भारतातून आलेल्या भिक्खूंसाठी स्थापन झाला. बोधिधर्मांचा सर्वात जुना उल्लेख ५४७ सालच्या एका चिनी ग्रंथात आहे, त्यात लढण्याच्या कलेचे नावसुद्धा नाही. शाओलिनच्या भिक्खूंनी ६२१ साली तांग घराण्याच्या राजपुत्राला लढाईत मदत केली, हे ७२८ सालच्या शिलालेखात कोरलेले आहे, पण तिथेही बोधिधर्मांनी युद्धकला शिकवली असा शब्द नाही. ज्या व्यायामाच्या पुस्तकावर ही सगळी कथा उभी आहे ते सतराव्या शतकातले, १६२४ च्या सुमाराचे, आणि त्याची जुनी म्हणून दाखवलेली प्रस्तावना बनावट आहे. तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० साली हे मांडले आणि पुढच्या संशोधकांनी ते आणखी पक्के केले.

मग आपले नुकसान झाले का? मला तसे वाटत नाही. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण दर वर्षावासात ऐकतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे एवढ्यावरून धरू नका. मग आपल्या बाजूची गोष्ट आहे म्हणून आपण ती कशी धरायची? भिंतीवर चित्र असायला हरकत नाही. ध्यानाच्या परंपरेत बोधिधर्मांचे स्थान मोठेच आहे. पण पोरांना इतिहास म्हणून सांगताना खरे ते सांगावे.

दुसरी गोष्ट तर मला जास्तच प्रिय होती. राजाने शस्त्रे काढून घेतली, मग गरीब शेतकऱ्यांनी उघड्या हातांनी लढण्याची विद्या रात्री लपूनछपून तयार केली, ही ती गोष्ट. मजुराला ती ऐकायला बरी वाटते. पण कराटेच्या जुन्या गुरूंची जी नावे शिल्लक आहेत ती बहुतेक शेतकऱ्यांची नाहीत, दरबारातल्या नोकरदार वर्गाची आहेत. मात्सुमुरा सोकोन हे राजाचे अंगरक्षक होते. त्यांच्या परंपरेतले इतोसू आंको (१८३१ ते १९१५) हे राजाकडे लेखनिक होते. १८७९ साली राज्य गेले तशी या लोकांची नोकरीही गेली. खरी गोष्ट तिथून सुरू होते, आणि ती बनावट गोष्टीपेक्षा कमी नाही. वरच्या थरात घरच्या घरी ठेवलेली विद्या कोणा सामान्य पोराच्या हाती कशी आली, ही ती गोष्ट होय. आणि ती आली कात्यामधून.

लेखनिकाने पुस्तक का लिहिले नाही?

इतोसू लेखनिक होते, म्हणजे लिहिणे हाच त्यांचा पेशा. तरीही त्यांनी आपली विद्या पुस्तकात घातली नाही, हालचालींच्या क्रमात घातली. हे मला फार विचार करायला लावणारे वाटते.

मी रिंग खात्यात नवीन लागलो तेव्हा तुटलेला धागा सांधायला शिकलो. चाती फिरत असते, एका हाताने ती थांबवायची, दुसऱ्या हाताने धागा वर न्यायचा आणि बोटाच्या एका हालचालीत सोडायचा. हे कोणी मला कागदावर लिहून दिले असते तर मी आजही सांधत बसलो असतो. जुन्या कामगाराने माझा हात धरून शंभरदा करून घेतले, तेव्हा कुठे ते बोटात बसले. आज मला विचाराल तर शब्दात सांगता येत नाही, पण हात बरोबर जातो. शरीराची विद्या अशी असते. ती डोक्यात नाही, सांध्यात राहते. तिला राहायला घर पाहिजे, आणि काता हे ते घर आहे.

१९०१ साली शुरी या जुन्या राजधानीतल्या प्राथमिक शाळेत इतोसूंनी कराटे शिकवायला सुरुवात केली. १९०५ पासून बेटावरच्या पहिल्या सरकारी माध्यमिक शाळेत आणि शिक्षक तयार करणाऱ्या शाळेतही तो सुरू झाला. तोवर एक गुरू, दोन-चार शिष्य, तेही अंगणात किंवा रात्री स्मशानाजवळ, असा मामला. आता समोर पन्नास-साठ पोरांची रांग आली. जुने काते अवघड आणि लांब. म्हणून इतोसूंनी पाच लहान काते बांधले आणि त्यांना 'पिनान' नाव दिले. पिनान म्हणजे शांती, स्वस्थता. जपानी उच्चारात तेच 'हेइआन'. आपल्या वर्गातली पोरं पांढऱ्या पट्ट्यावर पहिल्यांदा शिकतात तो हेइआन शोदान याच पाचातला.

१९०८ च्या ऑक्टोबर महिन्यात इतोसूंनी शिक्षण खात्याला एक पत्र पाठवले. त्यात दहा कलमे आहेत. पहिल्याच वाक्यात ते म्हणतात की ही विद्या बुद्ध धर्मातून किंवा कन्फ्यूशियसच्या शिकवणीतून आलेली नाही, पूर्वी चीनहून दोन परंपरा आल्या. म्हणजे जे आपण वर बोललो ते कराटेच्या थोर गुरूनेच लिहून ठेवले आहे! पुढे ते सांगतात की रोज थोडे थोडे करा, तीन-चार वर्षांनी शरीर बदलते. आणि मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते कलम असे, की कात्यातली हालचाल पुष्कळ वेळा करा, पण प्रत्येक हालचालीचा अर्थ आणि ती केव्हा वापरायची हे समजून घेऊन करा. तोंडी सांगायच्या पुष्कळ गोष्टी त्यात आहेत, असेही ते म्हणतात.

म्हणजे नुसता आकार नव्हे, आकार आणि अर्थ दोन्ही. परंतु शाळेच्या मैदानावर साठ पोरांना एकदम शिकवताना आकार राहिला आणि अर्थ पुष्कळसा मागे पडला, असे अनेक अभ्यासक म्हणतात. आजही आपल्या वर्गात तेच होते. एक उदाहरण देतो. हेइआन शोदानमध्ये एकवीस हालचाली आहेत. चौथ्या हालचालीला पुढे गेलेला हात झटक्याने मागे घेऊन गोल फिरवून वरून हातोड्यासारखा मारायचा असतो. पोरं तो नुसता फिरवतात. पण कोणीतरी तुमचे मनगट धरले आहे असे समजा. आता तोच झटका हात सोडवण्याचा होतो आणि वरून येणारी मूठ धरणाऱ्याच्या हातावर किंवा डोक्यावर पडते. मी हे त्या पोराला करून दाखवायला सांगितले. मीच त्याचे मनगट घट्ट धरले. हात सुटला, आणि पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला! "काका, हे मी दोन वर्षं करतोय की!" तो म्हणाला. दोन वर्षं करत होता, म्हणून तर सुटला. माहीत नव्हते, एवढेच.

तीन कात्यांना दहा वर्षे

इतोसूंच्या शिष्यांत फुनाकोशी गिचिन (१८६८ ते १९५७) हे प्राथमिक शाळेचे मास्तर होते. दिवसा शाळा आणि रात्री गुरूच्या अंगणात काता. नाइहांची नावाचे तीन काते आहेत, त्यात पुढे-मागे जायचेच नाही, फक्त आडवे डावीकडे आणि उजवीकडे सरकायचे. बघणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. फुनाकोशींनी लिहिले आहे की या तीन कात्यांना त्यांनी दहा वर्षे दिली. गुरू पुढचा काता सांगेनात आणि शिष्यही मागेनात. नाहा शहरात हिगाओन्ना कानर्यो (१८५३ ते १९१५) नावाचे गुरू होते, ते चीनच्या फूचौ शहरात राहून शिकून आले होते. त्यांच्याकडे 'सांचिन' नावाचा काता होता. थोडीशी पावले, सावकाश ठोसे, खोल श्वास आणि सगळे अंग आवळलेले. शिष्याने काही वर्षे हेच करायचे. आपल्या पोरांना तीन महिन्यांत पट्टा मिळाला नाही तर आईबाप सरांना जाब विचारतात!

१९२२ साली फुनाकोशी मास्तरांना तोक्योला शिक्षण खात्याच्या शारीरिक शिक्षण प्रदर्शनात कराटे दाखवायला बोलावले. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनीही त्यांना आपल्या कोदोकानमध्ये बोलावून प्रात्यक्षिक करवले. हे कानो मोठा विचार करणारा माणूस. १८८२ साली त्यांनी कोदोकान सुरू केले तेव्हा मोकळी लढत आणि काता दोन्ही ठेवले. ते म्हणत की काता म्हणजे व्याकरण आणि मोकळी लढत म्हणजे निबंध. व्याकरणाशिवाय निबंध लिहिणारा चुकतो, आणि नुसते व्याकरण पाठ करणारा कधी निबंध लिहीत नाही. मला यापेक्षा सोपे उत्तर कुठेच मिळाले नाही.

तोक्योतल्या कॉलेजच्या पोरांना मात्र त्या पोरासारखीच घाई होती. १९२० नंतरच्या दशकात काही विद्यार्थ्यांनी अंगावर संरक्षक साहित्य चढवून ठोसाठोशी सुरू केली. फुनाकोशींना ते पटले नाही. पण काळ थांबला नाही. १९५७ साली, फुनाकोशी गेले त्याच वर्षी, जपानमध्ये मोठी राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि त्यात काता व कुमिते दोन्ही होते.

'भांडखोर' माणसाचा काता

कोणी म्हणेल, मास्तर माणसाला काता आवडणारच, प्रत्यक्ष भांडणाऱ्याला विचारा. तर तसाही एक होता. मोतोबू चोकी (१८७० ते १९४४). राजघराण्याशी नाते असलेल्या कुटुंबातला, पण बाजारात जाऊन भांडणे उकरून काढायचा म्हणून बदनाम. १९२२ च्या सुमारास, वय पन्नाशीच्या पुढे असताना, क्योतो शहरात त्याने एका परदेशी मुष्टियोद्ध्याला लोळवले. १९२५ साली एका खपाच्या मासिकात ती हकीकत छापून आली, आणि गंमत अशी की चित्रात मोतोबूच्या जागी फुनाकोशींचा चेहरा काढला होता! तर हा माणूस कात्याला हसत असेल असे वाटेल. उलट तो आयुष्यभर नाइहांची करत आणि शिकवत राहिला. त्याच आडव्या सरकण्याच्या कात्यात त्याला धक्का, पकड, खेच, जवळची मार हे सगळे दिसत होते. म्हणजे मास्तर आणि भांडखोर, दोघांचे एकमेकांशी जमत नव्हते, पण काता एकच होता.

आक्षेपही ऐकू या

कात्याच्या विरोधात बोलणारे लहानसहान नाहीत. ज्याचे सिनेमे आमच्या पिढीने बघितले तो ब्रूस ली उघडपणे म्हणायचा की ठरलेल्या हालचाली म्हणजे कोरड्या जमिनीवर पोहणे. खरा शत्रू ठरलेल्या क्रमाने येत नाही. १९७१ साली त्याने यावर लेखही लिहिला. त्याचे म्हणणे खोटे नाही. कात्यात समोरच्याची वेळ, अंतर, कावा यांचा अंदाज येत नाही. भीती कळत नाही. खरी ठोकर बसल्यावर काय होते ते कळत नाही. म्हणून नुसता काता करून कोणी लढवय्या होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

पण ब्रूस ली स्वतः हाँगकाँगला इप मान या गुरूकडे विंग चुन शिकला, आणि त्या पद्धतीत पहिल्यांदा शिकवतात तोही ठरलेल्या हालचालींचा क्रमच असतो. ज्याच्या अंगात आकार मुरला आहे तोच आकार टाकून देऊ शकतो. ज्याने घेतलाच नाही तो काय टाकणार?

शिवाय कात्याचे काही उपयोग असे की ते लढतीत मिळत नाहीत. जोडीदार नसला तरी सराव चुकत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत होतो, गच्चीवर होतो. गळा, डोळे, गुडघा असे जे मार जोडीदारावर मारताच येत नाहीत ते हवेत पूर्ण जोराने मारता येतात. उजव्याबरोबर डावी बाजू तयार होते. ताकदीच्या पोराला लढतीत ताकदीवर भागते, त्याच्या चुका झाकल्या जातात. कात्यात कोणावर ढकलायला कोणी नसते, चूक फक्त आपली असते. आणि अंगाने बारकी मुलगीसुद्धा धिप्पाड पोराइतकाच चांगला काता करू शकते. आमच्या वर्गात तर मुलींचाच काता चांगला होतो, हे मी डोळ्यांनी बघतो. वय झाल्यावर लढत सुटते, काता सुटत नाही.

१९४५

आता इतिहासाचे ते पान, ज्यासाठी मी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

इतोसूंच्या त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती लपवता येणार नाही. शाळेत कराटे का शिकवावा याचे एक कारण त्यांनी असे दिले आहे की पोरं पुढे सैन्यात उपयोगी पडतील. नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनच्या नावावर सांगितले जाणारे, शाळेच्या मैदानावर विजय मिळाल्याचे वचनही त्यांनी त्यासाठी वापरले आहे. सरकारच्या दारातून आत जायचे तर सरकारला हवे ते बोलावे लागते, असे म्हणून आपण त्यांना समजून घेऊ शकतो. पण दार उघडले ते कोणत्या अटीवर, हे विसरू नये. शांतीच्या नावाचा काता आणि सैन्याची रांग एकाच मैदानावर आली.

१९३६ च्या २५ ऑक्टोबरला नाहा शहरात एका वर्तमानपत्राने गुरूंची बैठक बोलावली. 'चिनी हात' हे नाव बदलून 'रिकामा हात' हे नाव तिथे पक्के झाले. उच्चार तोच, कराटे, पण अक्षर बदलले. फुनाकोशींनी या रिकामेपणाचा अर्थ लावताना बौद्ध शून्यतेचा आधार घेतला, आणि कराटेशी धम्माचा खरा संबंध शोधायचा तर तो मला बोधिधर्माच्या कथेपेक्षा इथे जास्त दिसतो. परंतु तो काळ चीनशी वैराचा होता हेही लक्षात घेतले पाहिजे. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले. चीनचे नाव पुसणे सोयीचे होते. १९४० च्या सुमारास शाळांसाठी गुरू मियागी चोजुन यांनी नवे सोपे काते बांधले, त्यांचे नाव 'गेकिसाई', म्हणजे ठोकून चुरा करणे. चाळीस वर्षांत शाळेच्या कात्याचे नाव 'शांती'वरून 'चुरा' झाले. नावावरून काळ ओळखावा.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन फौजा ओकिनावावर उतरल्या. जूनअखेरपर्यंत लढाई चालली. बेटावरच्या दर चार माणसांमागे साधारण एक माणूस मेला. शुरीचा राजवाडा जमीनदोस्त झाला. शाळेतली चौदा ते सतरा वर्षांची पोरं 'लोह आणि रक्त' असे नाव दिलेल्या तुकड्यांत भरती करून आघाडीवर पाठवली. त्यात कोणत्या शाळा होत्या? जिथे १९०५ पासून कराटे शिकवत होते ती पहिली माध्यमिक शाळा त्यात होती आणि शिक्षकांची शाळाही होती. मास्तरांनी शिकवलेल्या शांतीच्या कात्याने त्या पोरांना तोफेसमोर वाचवले नाही. वाचवणार कसे? काता माणसाचा हात घडवतो. तो हात कशासाठी वापरायचा हे काता सांगत नाही. ते सांगणारा माणूस लागतो, आणि ऐकणारा समाज लागतो.

१९३६ च्या बैठकीला बसलेले हानाशिरो चोमो त्या वर्षी गेले. त्याच बैठकीतले क्यान चोतोकू लढाईतून वाचले, पण त्यानंतरच्या उपासमारीने आणि थकव्याने सप्टेंबरमध्ये गेले. मियागींचा सर्वात तयार शिष्य शिंझातो जिनआन मारला गेला. तोक्योत फुनाकोशींची तालीम बॉम्बहल्ल्यात जळाली. कागद, पोथ्या, राजवाडा, शाळा यातले किती जळाले त्याला गणती नाही.

मग उरले काय? माणसांच्या अंगात जे होते ते उरले. इतोसूंकडे पंधरा वर्षे शिकलेले चिबाना चोशिन वाचले, आणि १९६९ पर्यंत तेच काते तसेच शिकवत राहिले. मियागी १९५३ पर्यंत शिकवत होते. मोडक्या गावात, परक्या फौजेच्या अमलाखाली, माणसे पुन्हा अंगणात उभी राहिली आणि डावीकडे वळून पहिला हात केला. पुस्तक असते तर जळाले असते. काता जळाला नाही. विहिरीवर पाणी भरणाऱ्या माणसाच्या कमरेत तो बसलेला होता. हे कात्याचे सर्वात मोठे मोल आहे, असे माझे मत झाले आहे.

त्या तुकडीतून वाचलेला शिक्षक शाळेचा एक विद्यार्थी, ओता मासाहिदे, पुढे ओकिनावाचा राज्यपाल झाला. त्याच्या काळात, १९९५ च्या २३ जूनला, लढाईत मेलेल्या सर्वांची नावे कोरलेल्या शिळा उभारल्या गेल्या. मित्र आणि शत्रू, जपानी, अमेरिकन, कोरियन, सगळ्यांची नावे एकत्र. नावे दोन लाख चाळीस हजारांच्या वर आहेत. २००५ साली तिथल्या विधिमंडळाने २५ ऑक्टोबर हा कराटे दिन म्हणून जाहीर केला. आणि २०२१ साली तोक्योत ऑलिम्पिकमध्ये कराटे आला तेव्हा पुरुषांच्या कात्याचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच कियुना र्‍योने घेतले. पदक घेताना त्याने दिवंगत आईचा फोटो हातात धरला होता. समोर कोणी नव्हते. हवेतलेच हात होते.

शेवटी

तर त्या पोराला माझे उत्तर असे आहे. बाळा, तुझ्यासमोर कोणी नाही असे तुला वाटते. तुझ्यामागे किती जण आहेत ते बघ. राजाची नोकरी गेलेला लेखनिक आहे, दहा वर्षे तीनच काते करणारा मास्तर आहे, भांडखोर मोतोबू आहे, उपाशी मेलेले क्यान गुरुजी आहेत. त्यांनी तुझ्यापर्यंत जे पोचवले ते तुझ्या मनगटात आहे. ते नीट कर. कुमितेही कर, त्यावाचून निबंध लिहिता येत नाही. पण दोन गोष्टी विसरू नको. एक, प्रत्येक हाताचा अर्थ सरांना विचार, अर्थ कळेपर्यंत विचार. दुसरी, तुझा तयार झालेला हात कोणी आपल्या कामासाठी मागायला आला तर तो कशासाठी मागतो तेही विचार. त्या बेटावरच्या पोरांना हे विचारायची मुभा नव्हती. तुला आहे.

आणि आईबापांना विनंती एवढीच की पट्ट्याचा रंग विचारू नका. घरी आल्यावर म्हणा, "आज शिकवलेला काता करून दाखव बघू." चहाचे पातेले बाजूला सरकवा, जागा करून द्या आणि बसून बघा. एकवीस हालचालींना एक मिनिटसुद्धा लागत नाही.